आई काय वाचते

आई,

या उन्हाळ्यात मी पुस्तकं वाचली. कादंबऱ्या आणि आत्मचरित्रं, हाताला लागतील तशी, एक संपलं की दुसरं, जशी तू वाचायचीस. वाचून झालेलं पुस्तक कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला ते वाचल्यासारखं वाटत नाही, आणि ही सवय तूच लावलीस. भाकरी थापता थापता तू कादंबरीतल्या माणसांबद्दल असं बोलायचीस की मला वाटायचं, ती आपल्याच वाडीत, वरच्या आळीला कुठेतरी राहत असणार. ती अमकी मूर्ख आहे, सगळं कळतं तिला आणि तरी दार उघडते. तो तमका बरा आहे, पण त्याच्या बायकोला विचारा. तुला अशी माणसं सांगायला आवडायची, म्हणून तुला सांगते. पण आधी मी वाचायला का बसले ते सांगायला हवं.

तू गेलीस तेव्हा तुझा नातू पहिलीत होता. तो आता बोटीवर आहे, बाबांसारखा. बाबा डेकवर होते, हा इंजिनाकडे असतो. गेल्या वर्षी लग्न झालं. सून चिपळूणकडची, आतल्या गावातली, कामाला चांगली आणि बोलायला कमी. तुझे जावई मागेच गेले, त्यामुळे घरात आता आम्ही दोघीच. शिमग्यात पालखी घरी आली तेव्हा त्याने तिकडून निरोप धाडला, पालखीचा व्हिडिओ पाठव. मी अंगणात उभी राहून पालखी नाचवतानाचा व्हिडिओ काढला आणि पाठवला. निरोप फोनमधून निघाला की त्याच्यापुढे एक बारकी खूण येते आणि तिकडे पोचला की दुसरी येते. तुझ्या वेळी हे नव्हतं. पालखीपुढे एकच खूण आली. अजून एकच आहे.

मग मुंबईच्या एजंटाकडून कळलं की बोट परक्या हद्दीत अडवून बंदरात नेली आहे. मालकाचं आणि तिथल्या सरकारचं काहीतरी भांडण आहे, मालावरून की कागदांवरून ते कुणालाच धड सांगता येत नाही. सगळ्यांचे फोन काढून घेतलेत, माणसं बोटीवरच आहेत, सुखरूप आहेत. सुखरूप हा शब्द एजंट दर वेळी वापरतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी देवापुढे दिवा लावला. आता तो शब्द आला की मला कळतं, पुढे त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

मी मिरजोळ्याला मासळीच्या कारखान्यात पॅकिंगवर असते. आत थंडी इतकी की दुपारपर्यंत बोटं आपली वाटत नाहीत. आत फोन न्यायला बंदी आहे, तो बाहेर कपाटात ठेवून कुलूप लावायचं. एवढी वर्षं त्याचं काही वाटलं नाही. त्या आठवड्यात मात्र मी कोळंबीची खोकी मोजायची आणि मध्येच विसरायची, परत पहिल्यापासून मोजायची. सगळं लक्ष त्या कपाटाकडे. सुपरवायझर भला माणूस आहे, त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, ताई, तुम्ही काही दिवस घरी बसा, पगार नाही मिळणार पण नोकरी राहील. मी घरी बसले. आमच्या घरात रेंज फक्त पडवीच्या एका कोपऱ्यात येते, माडाच्या बाजूला. तिथे खुर्ची टाकली, शेजारी स्टुलावर फोन ठेवला आणि बसले. माझाच फोन महत्त्वाचा होता. लहानपणी गणपतीपुळ्याच्या गर्दीत मुलगा हरवला होता, त्यानंतर तुझ्या जावयांनी त्याच्याकडून माझा नंबर घोकून घेतला. बायकोचा नंबर त्याच्या फोनमध्ये आहे, आणि फोन त्याच्याकडे नाही. माझा नंबर डोक्यात आहे. कुणाचाही फोन हाती लागला तर तो मलाच लावणार, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं आणि दोघीही ते बोलत नव्हतो.

फोनकडे किती बघणार. सून दिवसभर तिच्या फोनवर एक नकाशा उघडून बसायची. समुद्र निळा आणि त्यावर बोटींचे ठिपके. त्याच्या बोटीचा ठिपका एका बंदराला चिकटलेला, दिवसेंदिवस हलत नव्हता. एक दिवस तो ठिपकाच दिसेना. ती किंचाळली नाही, काही नाही, फक्त फोन पालथा ठेवून आत गेली आणि कणीक मळत बसली. दोघींना पुरेल त्याच्या कितीतरी जास्त कणीक तिने मळली. दुसऱ्या दिवशी ठिपका परत आला. एजंट म्हणाला, यंत्रणा बंद केली असेल, तसं होतं. त्या दिवशी मी तुझी ट्रंक उघडली. आत कसर लागलेली पाचसहा पुस्तकं होती, ती संपवली आणि मग गावातल्या वाचनालयात जाऊन नाव घातलं.

पहिली जाडी कादंबरी मी वाचली ती एका मोठ्या कुटुंबाची. थोरला मुलगा बापाशी भांडून घर सोडतो. ते भांडण फार चांगलं लिहिलंय. जेवणाची पानं वाढलेली, कुणी उठत नाही, कुणी जेवत नाही, तुला आवडलं असतं. मुलगा जातो आणि तिथे प्रकरण संपतं. मी पान उलटलं तर पुढच्या प्रकरणाचं पहिलंच वाक्य, पाच वर्षं लोटली. आई, मी ते पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. पाच वर्षं लोटली. कुणी लोटली? त्याच्या आईने सकाळी उठून काय केलं? चहा किती कपांचा टाकला? त्याच्या वाटणीची माशाची तुकडी कुणाच्या पानात गेली? तो लेखक भांडणाला वीस पानं देतो आणि मला जे हवंय त्याला एक ओळ. पुढे तो मुलगा परत येतो, स्टेशनवर उतरतो, आई त्याला ओळखते आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहतं, ते दोन पानं. मी ते वाचलं, पण माझं मन त्या लोटलेल्या पाच वर्षांतच राहिलं होतं. नंतरच्या प्रत्येक कादंबरीत मी तेच शोधत गेले. उन्हाळा सरला. दिवस जात होते. काळ कुणासाठी थांबत नाही. सगळ्यांना त्या मधल्या दिवसांची एवढी घाई का असते?

एक शहरातली कादंबरी होती. त्यातली बाई ऑफिसात जाते, एकटी राहते, खिडकीत उभी राहते. फार उभी राहते. तिला काय वाटतं ते तिला नेमक्या शब्दांत सांगता येतं, आणि तिच्या मित्रालाही त्याचं येतं, आणि दोघं एकमेकांना ते सांगत बसतात. मला तुझाच आवाज ऐकू आला, हिला चार भांडी घासायला लावा. मी हसले. पडवीत एकटी बसून मोठ्याने हसले, आणि मान वर केली तर सून दारात उभी. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे.

"मम्मी, तुम्हाला वाचवतं कसं?" ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. खरंच कळत नव्हतं म्हणून तिने विचारलं.

आई, हेच मी तुला विचारलं होतं, तुला आठवतं? बाबा आखातात होते आणि तिकडे लढाई सुरू झाली. बोट कुठल्याशा बंदरात अडकली आणि पत्रं थांबली. मी पाचवीत असेन. तू शाळेत शिकवून घरी यायचीस, साडी बदलायचीस, चूल पेटवायचीस आणि मडक्यांच्या फळीला टेकवून कादंबरी उघडायचीस. एका हाताने भात ढवळायचीस, दुसऱ्या हाताने पान उलटायचीस. भात दोनदा लागला. शेजारची काकू विहिरीवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, नवऱ्याचा पत्ता नाही नि ही बसली पुस्तक घेऊन. ते ऐकून मी घरी आले आणि तुला विचारलं, तुला वाचवतं कसं? तू डोळे वर केले नाहीस. म्हणालीस, "यात नसते तर कुठे असते, ते तुला बघवलं नसतं." आणि पान उलटलंस. मला वाटलं तू मला हाकलून दिलंस. बाबा आले तेव्हा गालफडं बसली होती, त्यांना आपल्याच घराची पायरी चढवत नव्हती. तू पुस्तक मिटलंस, पाणी तापवलंस. त्या महिन्यांबद्दल पुन्हा एक शब्द बोलली नाहीस. मीही विचारलं नाही. आता वाटतं, तू तरी मला ते मधले दिवस सांगायला हवे होतेस. तूही एका ओळीत लोटलेस.

आत्मचरित्रांकडे मी मग वळले, की निदान ही खरी माणसं आहेत, ही फसवणार नाहीत. एका बाईंचं होतं, नवरा मोठा समाजकार्य करणारा, सदा दौऱ्यावर, मध्ये तुरुंगात. घरात कोण आलं, कोण जेवून गेलं, कुणाला पिठलं आवडलं, सगळं इतकं बारीक लिहिलंय की शंभर पानं तर नुसती पंगतच उठत नाही. मला ती बाई आवडू लागली. आणि एका पानावर तिने लिहिलंय की त्या वर्षी आमची धाकटी मुलगी तापाने गेली. पुढचं वाक्य विहिरीचं आहे. विहिरीचं काम त्याच वर्षी पुरं झालं, पाणी गोड लागलं. आधी मला इतका संताप आला की मी पुस्तक स्टुलावर आपटलं आणि फोन खाली पडला. मग फोन उचलून, तपासून, परत ते पान काढलं. ते एक वाक्य मी किती वेळा वाचलं कोण जाणे. तिच्याकडे त्या मुलीसाठी दुसरं वाक्य नव्हतंच, आई. एवढं एक तिने कसंबसं लिहिलं असणार आणि मग धावत जाऊन विहिरीला धरलं असणार. हे मला सांगायला कुणी हवं होतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, मला ते पहिल्या वाचनातच कळलं होतं.

दुसरं एका खलाशाचं. ते मी घेणार नव्हते. वाचनालयातल्या बाईंना आमच्या घरचं काही माहीत नाही, त्यांनी आपण होऊन काढून दिलं, नवीन आलंय म्हणाल्या, आणि नको म्हटलं तर कारण सांगावं लागलं असतं. घरी आणून मी ते उशीखाली ठेवलं. मग वाचलं, आणि सगळ्यात जास्त कामाला तेच आलं. माणूस लेखक नाही, वाक्यं वाकडीतिकडी आहेत. पण त्यांची बोट एकदा खूप दिवस बंदराबाहेर थांबवून ठेवली होती, आणि त्याने ते दिवस लिहिलेत. कोण कुणाशी कशावरून भांडलं. आचाऱ्याने डाळ पातळ केली म्हणून दोघं बोलेनासे झाले. पाणी किती मिळायचं, केस कुणी कापले. एकाने रंगाच्या रिकाम्या डब्यात कोथिंबीर लावली आणि सगळे रोज सकाळी ती बघायला जमायचे. हे मला हवं होतं. मी धावत आत गेले आणि सुनेला ते पान वाचून दाखवलं. म्हटलं, बघ, असं असतं, कदाचित आपल्याकडचेही लावत असतील.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यांना धने कोण देणार?"

मी तिथेच खाली बसले. तीही बसली. स्वयंपाकघराच्या लादीवर आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो.

आंबा संपत आला होता तेव्हाची गोष्ट. खलाशाचं पुस्तक परत करायची मुदत झाली होती, आणि हातात दुसरं काही नव्हतं. पुस्तकाशिवायची एक दुपार मी काढून बघितली होती, मला परत तशी दुपार नको होती. फोन कोपऱ्यात सुनेजवळ ठेवला आणि रिक्षा करून गेले. गेले, पुस्तक दिलं, दुसरी दोन घेतली, लगेच फिरले. परत आले तर सून पडवीच्या पायरीवर बसलेली. माझा फोन दोन्ही हातांत, पाखरू धरावं तसा.

"फोन आला होता," ती म्हणाली.

कुणाचा, हे मी विचारलं नाही. तिने सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता, जणू इतका वेळ ती तेच मनात म्हणत बसली होती. फोन दुसऱ्या कुणाचा होता, लवकर बोलायला हवं होतं. बरा आहे. सगळे बरे आहेत. जेवण मिळतं. कधी सोडतील ते कुणी सांगत नाही. वजन उतरलंय पण आजारी नाही.

"मग विचारलंनी, आई कुठाय. मी म्हटलं, वाचनालयात गेल्यायत, पुस्तक बदलायला. तर हसले, मम्मी. खरंच हसले. म्हणाले, काय वाचते?"

"तू काय सांगितलंस?"

"मला नाव माहीत नव्हतं. मी म्हटलं थांबा, बघते. तेवढ्यात कटला."

त्या नंबरावर आम्ही उलट लावला. लागत नव्हता. अजून लागत नाही. मी हातातली दोन पुस्तकं कुठे ठेवली ते मला आठवत नाही, नंतर ती तुळशीवृंदावनाच्या कठड्यावर सापडली. मी त्या खुर्चीत बसले ते जेवायलाही उठेना. आंघोळीला जाताना फोन न्हाणीच्या कठड्यावर ठेवायची, तिथे रेंज नाही हे माहीत असून. एवढे महिने मी त्या कोपऱ्यात बसले आणि ज्या तासाला उठले नेमका तो तास. पुस्तकाला मी हात लावला नाही. सुनेने दोनदा जेवण आणून ठेवलं, दोनदा परत नेलं. तिसऱ्यांदा ती ताट घेऊन समोर उभीच राहिली. मी म्हटलं, मी इथे असते तर माझ्याशी बोलला असता.

"हो," ती म्हणाली. "आणि मला मिळाला नसता." ताट माझ्या मांडीवर ठेवलं. "जेवा आता."

आई, मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. लग्नाला वर्ष नाही झालं आणि त्यात नवरा तिच्या वाट्याला किती आला. त्याच्या डोक्यात नंबर माझा. फोन माझा, कोपरा माझा, खुर्ची माझी. तिच्या वाट्याला नकाशातला ठिपका. आणि त्या दोन मिनिटांतही त्याने माझी चौकशी केली. ते तिने मला न गाळता सांगितलं, तो हसला हेसुद्धा. गाळलं असतं तर मला कधी कळणार होतं?

मी जेवले. त्यानंतर ती एक दिवस भाजी निवडत म्हणाली, परत फोन आला आणि तुम्ही नसलात तर मी काय सांगू, काय वाचता ते. तेव्हापासून मी तिला पुस्तकं सांगते. ती स्वतः वाचत नाही, पण ऐकते, आणि मग अचानक काहीतरी विचारते. विहीरवाल्या बाईंचं सांगितलं तर तिने विचारलं, मुलीचं नाव लिहिलंय का? मी परत बघितलं. नव्हतं लिहिलं. तुला हे सुचलं असतं. मला सुचलं नव्हतं.

परत फोन आलेला नाही. आता शाळा सुरू झाल्या, पुस्तकांची पानं सादळून जड झालीत. कारखान्यातून दोनदा विचारणा झाली, मी अजून हो म्हटलेलं नाही. परवा एजंट म्हणाला की कंपनीचा माणूस तिकडे जाणार आहे, घरच्यांची पत्रं नेईल, पोचतील की नाही याची हमी नाही. सुनेने तिचं लिहून पाकिटात घालून ठेवलंय. मला म्हणाली, तुम्ही लिहा, त्यांनी विचारलं होतं ना, काय वाचते. मी कागद घेऊन बसले. त्याला काय लिहू? पाच वर्षं लोटली ते लिहू? विहिरीचं लिहू? डब्यातल्या कोथिंबिरीचं लिहिलं आणि त्यांच्याकडे खरोखरच धने नसले तर? त्याला लिहायचा प्रत्येक शब्द मी तिकडून वाचून बघते आणि खोडते. तुझं नाव घातलं तेव्हा कुठे हात चालला. सून मघाशी डोकावून गेली, झालं का म्हणून विचारलं, मी हो म्हटलं. पाकिटात मात्र मी दुसरा कागद घालणार आहे. बरी आहे, वाचते आहे, चांगली पुस्तकं आहेत, आलास की सांगेन. हा कागद तुझ्या ट्रंकेत जाईल.

एक तुला सांगितलं नाही. तुला खपायचं नाही, मी लहानपणी असं केलं तर तू पुस्तक काढून घ्यायचीस. वाचनालयातून बाहेर पडण्याआधी, तिथल्या बाकावर बसून, मी प्रत्येक कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचते. गेलेला माणूस परत येत असेल तर ती घरी आणते. येत नसेल तर तिथल्या तिथे परत करते, बाईंना सांगते, ही वाचलीय. म्हणजे कादंबऱ्यांबद्दल तुला मी एवढी मतं सांगितली ती फक्त ज्यांत माणूस येतो त्यांची. तशीच परत केलेली पुस्तकं, आई, वाचलेल्यांहून जास्त आहेत.